सात सेकंद

लकडगंजात माझा आरा सुरू झाला
की कोपऱ्यातला भुसा ओढणारा पंखा
आपोआप जागा होतो.
मीच बसवला, सीताबर्डीहून आणलेला रिले,
आऱ्याच्या वायरीभोवती कडी.
करंट वाहिला की तिला कळतं.

आरा थांबतो.
पंखा नाही थांबत लगेच,
नळीत अडकलेलं सागवान
सात सेकंद ओढत राहतो.

दमडूबाबांचंही असंच.
आरा कधीचा बंद
आणि खोकला चालूच.
मी उभा, हातात गुण्या.
"काय मोजून रायला बे?"
भुवयांवर पिवळी धूळ.

टायमरची खुंटी दोनवरही येते.
पोरगा म्हणतो, बिल वाचेल.

सातवरच ठेवली आहे.
मोजतो.