पवित्रा

तडवीसरांनी फरशीवर खडूने दोन पावलं काढली.
डावं पुढे, उजवं मागे, जराशी तिरकी.
गौरीची काढतात तशीच,
पण ही घरात येणारी नव्हेत.
"यावर उभ्या रहा. हाथ कयो?"
मी म्हटलं, डावा.
त्यांनी चपलेनं पुसली ती,
नवी काढली. उजवं पुढे.

नवापुऱ्यातला हा हॉल. खाली सायकलींचं दुकान,
पंक्चरच्या सोल्युशनचा वास जिना चढून वर येतो.
आम्ही सात जणी. सहा जणींची पावलं एका वळणाची,
माझीच आरशातली.
"जोराचा हात मागे, वृषालीबेन.
पुढचा कडी वाजवतो, मागचा दार तोडतो."

समोर झंखना, वय एकोणीस, दोन्ही हातांत पॅड.
तिचा पुढचा पाय आणि माझा पुढचा पाय
एकाच फरशीसाठी भांडतात.
दोनदा तिचा अंगठा चेंगरला.
सॉरी म्हणायला मी हात खाली आणला
आणि पॅड कानशिलावर बसलं.

पण डावा म्हणजे किती डावा?
लिहिते मी उजव्याने, चौथीतल्या दाणीबाईंच्या कृपेने.
रावपुऱ्याच्या पोस्टात दिवसभर शिक्के, उजव्याने.
पैसे घेणं, सुटे देणं, तीर्थ, हळदीकुंकू, सगळं उजव्याने.
डाव्याकडे उरलं काय?
लोणच्याच्या बरणीचं न उघडणारं झाकण.
अंधारात भिंतीवरचं बटण.
तापलेल्या पोराचं कपाळ.
आणि एकदा, वाघोडियाच्या बसमध्ये,
एका माणसाचं मनगट.
मी वळून बघायच्या आधीच ते धरलेलं होतं.
कुणी धरलं, हे मलाही नंतर कळलं.

या गावात उजव्याला जमणो म्हणतात.
लहानपणी वाटायचं,
ज्याला जमतं तो जमणो, उरलेला डाबो.
आई शेजारणींना सांगायची,
तिच्या डाव्या हातचा मळ आहे हो गणित म्हणजे.
कौतुकानेच सांगायची.
मी मोरीत जाऊन हात धुऊन यायचे.

बुधवारी लवकर गेले. हॉल रिकामा,
खडू खिडकीच्या गजापाशी.
माझी पावलं मी पुसली
आणि सगळ्यांचीच काढली. डावं पुढे.
उभी राहिले.
हनुवटीसमोर डावी मूठ.
इतक्या उजेडात मी ती कधी पाहिली नव्हती.
अंगठ्याच्या बुडाशी घट्टा आहे,
बरण्यांचा असणार.

तडवीसर दारातूनच म्हणाले,
"हा तर उजव्यांचा पवित्रा.
दार तोडणाऱ्या हाताला कडी वाजवायला लावणार?"
म्हटलं, सर, चाळीस वर्षं मागेच आहे तो.
त्यांनी शिट्टी तोंडात धरली. वाजवली नाही.
"महिनाभर बघू," म्हणाले शेवटी.
"मागचा कच्चा राहील. ते तुमचं तुम्ही बघा."

खरंच कच्चा आहे.
वरून खाली पडतो, शिक्क्यासारखा,
आणि सर पलीकडून ओरडतात,
पोस्ट बंद करा, बेन, सहा वाजून गेले!

आता जिन्यातून डोकावणाऱ्याला
मी सातांतली एक.
पावलं सारखी, खांदे सारखे,
वेगळं काही दिसत नाही.
थोडं वाईटही वाटलं त्याचं, खोटं कशाला बोलू.
फक्त झंखना.
माझा पुढचा हात पॅडवर आला की
तिचे डोळे क्षणभर मिटतात.
काल तर तिने पॅड उतरवलं,
तळहात ओढणीवर चोळला, आणि हळूच विचारलं,
"मासी, आ कयो हाथ छे?"