पहाटेचा आकडा

चार वाजता अजून तारे असतात.
कुत्रं एकदाच भुंकतं, ओळख पटली की गप्प.
मी फांदीवरचं एक पान घेते,
नव्या पात्याने देठ सरळ कापते,
रबरी बुचातून देठ बाहेर, पान आत,
आणि पोलादी डब्याचं झाकण पिळून घट्ट.
मग नायट्रोजन. हळू.
घाई केली की पान खोटं बोलतं.

रात्री झाडाची दारं मिटलेली असतात,
म्हणून या घटकेला पान जे सांगतं
ते मुळांचंच म्हणणं असतं.

लहानपणी मला वाटायचं, खाली कुठेतरी
पाणी वर ढकलणारं एखादं हृदय असेल.
तसलं काही नाही.
पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी भोकं,
त्यांतून वाफ निसटते,
तिच्या मागचं पाणी पुढे सरकतं,
त्याला धरून त्याच्या मागचं.
एकमेकांचा हात सोडायचा नाही, एवढाच नियम.
उन्हापासून मातीच्या काळोखापर्यंत
ताणलेली पाण्याची दोरी.
फार ताणली की तिच्यात हवेचा बुडबुडा शिरतो
आणि ती नळी मुकी होते.

मी देते तो दाब त्या ताणाच्या तोडीस तोड.
देठाच्या टोकाशी ओल चमकली की काटा वाचायचा.

पंधरा. सतरा.
ओढ्याकडचं झाड, नऊ.
कुंपणाजवळचा ओक, खोडावर पांढऱ्या रंगात सहा,
नऊ वर्षांमागच्या सोलणीचा आकडा:
एकतीस.
दुसरं पान घेतलं. एकतीस.

वहीत लिहिलं.
आम्ही फक्त मोजतो.

सातला बेल्मीरू आला, मागे त्याचा भाचा नेल्सू,
खांद्यावर कुऱ्हाडी, डब्यात पाव आणि ऑलिव्ह.
आलेंतेजूत बूच मशीनने निघत नाही, कानाने निघतं.
घाव घालायचा, पातं जरा पिरगाळायचं,
पोकळ आवाज आला की झाड द्यायला तयार.
सालीखाली एक थर असतो, कागदाहून पातळ,
जूनमध्ये तिथल्या पेशी कोवळ्या, पाण्याने टंच,
आतून भिंतींना रेटत वाढत असतात.
त्या फाटतात, आणि ओल्या शेंगदाण्याचं टरफल निघावं
तसा माणसाच्या उंचीचा फळा हातात येतो.
खाली खोड पिवळसर, ओलं, नुकतं जन्मल्यासारखं.

पाणी नसेल तर रेटा नाही.
रेटा नसेल तर वाढ नाही.
मग साल धरून बसते.

कुंपणाजवळ आवाज वेगळा आला.
ठप्प. जशी कुऱ्हाड भिंतीत.
फळ्याबरोबर आतली आई सोलून आली, दोन तळहात रुंद.
आई म्हणतात इथे त्या पातळ थराला.
ती गेली तिथे पुन्हा बूच येत नाही.
बेल्मीरूने कुऱ्हाड काढली, पातं पँटला पुसलं,
पुन्हा पुसलं.
नेल्सू रंगाचा डबा घेऊन उभा होता, त्याला म्हणाला,
राहू दे, याचा सहा तसाच राहू दे.

मग माझ्याकडे न बघता:
"ओदेत, तुला पहाटे काय म्हणालं हे?"

एकतीस, मी म्हणाले.

"म्हणजे?"

तहानलंय. फार.

त्याने जखमेवर तळहात ठेवला.
"सांगायचंस ना, पोरी."
एवढंच. नंतर जेवायच्या सुट्टीपर्यंत
कुऱ्हाडींखेरीज कोणी बोललं नाही.
मी वही उघडली, मिटली.
आम्ही फक्त मोजतो, हे वाक्य
त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं,
ते मीच बरोबर घेऊन फिरत होते.

दुसऱ्या दिवशी चारला कुत्रं दोनदा भुंकलं.
बेल्मीरू, चुरगळलेल्या टोपीत, टॉर्च घेऊन.
त्याने भिंग डोळ्याशी धरलं,
मी दाब चढवत गेले, वीस, पंचवीस,
सिलिंडर बारीक फुसफुसत होता,
तिसाच्या पुढे देठाच्या टोकावर
काहीतरी लुकलुकलं, टाचणीच्या डोक्याहून लहान.

"एवढ्याशासाठी एवढा जोर?"

हो, मी म्हणाले, आणि झाड तो आवाज न करता लावतं.

त्याने टॉर्च विझवला.
"कुंपणाकडचं झालं. पुढचं कुठलं?"