बिछायत

वीस वर्षं खुर्च्या पुरवल्या, सगळ्याच पक्षांना.
पाठीवर पांढऱ्या रंगात: 'ढेंगळे बिछायत, दारव्हा'.
यंदा फॉर्म मीच भरला. लोकसभेचा.
चिन्हात पंखा मागितला, मिळाली फुलकोबी.
बायको म्हणाली, "एप्रिलात कोण खाते कोबी?"

शपथपत्रात जंगम मालमत्ता लिहिली:
खुर्च्या नऊशे.
त्यातल्या मोडक्या किती
हे वकिलानं विचारलंच नाही.

काल साहेबांच्या सभेची ऑर्डर आली.
घेतली.
रात्री मैदानात एकीत एक खुर्ची घालताना
पोरगा म्हणे, "बाबा, आज सातशे लोक
तुमच्या नावाले टेकून बसले होते."

मी म्हटलं, मोज नीट.
मागच्या इलेक्शनचं बिल बाकी हाय त्यायच्याकडं,
आन् आजबी दोन खुर्च्या
कमीच भरून रायल्या.