त्सिराचा लॅपटॉप, तिबिलिसी

तेमूर अंड्यांच्या खोक्यात स्क्रू मांडतो,
ज्या कोपऱ्यातला, त्या खळग्यात.
त्सिराची बेकरी. झाकण उचकटलं
तर पंख्यात मैदा,
कुणी मळून ठेवल्यासारखा घट्ट.
त्यानं फुंकर मारली, भुवया पांढऱ्या.
ती म्हणाली, आता शोभतोस
आमच्या भट्टीवर.

फुगलेली बॅटरी
प्लास्टिकच्या पातीनं हळूहळू सोडवली,
तर खाली पेन्सिलीनं तारीख
आणि सही, त्याचीच.
नऊ वर्षांपूर्वीचं अक्षर.
किती सुबक! किती घाबरलेलं!
शेजारी एक भोक रिकामं:
तेव्हा उरलेला स्क्रू
त्यानं गुपचूप खिशात टाकला होता.

नवी बॅटरी बसते.
तारीख तो पुसत नाही.
डबा उपसून, चष्मा कपाळावर चढवून
त्या मापाचा एक शोधतो,
आणि बिलात न धरता
आवळतो.