हरकत क्रमांक एकशे चौदा

मगदूम बाई पहिल्यांदा ऑफिसात आल्या
तेव्हा मी नकाशात पिवळा भरत होतो.
पिवळा म्हणजे निवासी.
हळदीच्या गावात पिवळ्याला कोण नाही म्हणणार?

त्यांच्या चपलांना काळी माती, हातात सायकलचा पंप.
नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, इथं ओत आहे.
मी म्हणालो, होता.
म्हणाल्या, मग पाण्याला नोटीस दिलीत का?

अर्ज आवक वहीत चढवला.
हरकत क्रमांक एकशे चौदा.
विषय: निळी रेघ पुसल्याबाबत.

साहेब म्हणायचे, बाई परदेशात शिकून आल्यात.
खरं तर कोल्हापुरात.
सकाळी कॉलेजात वनस्पतिशास्त्र, दुपारनंतर गटारं.
शेरी नाल्याच्या तोंडाशी बाटल्या भरायच्या
आणि लोणच्याच्या बरणीला लावावं तसं लेबल:
तारीख, वेळ, वास.
मुलांना हरिपुरात नेऊन रिकाम्या पेवांच्या कडेला उभं करायच्या.
हळद इथं जमिनीच्या पोटात कोरडी राहायची, सांगायच्या,
म्हणजे कुणाला तरी माहीत होतं
पाणी कुठं येतं, कुठं येत नाही.
मुलं वाकून आत हाका मारायची.

महासभेत त्यांना तीन मिनिटं मिळत,
त्यातलं एक माईक चालू होण्यात जाई.
एक नगरसेवक म्हणाला, बाई, बेडकांचं मतदान कुठल्या वॉर्डात?
सगळे हसले. मीही.
बाईंनी चष्मा पुसला.
तुमच्याच, म्हणाल्या.

मग ते वर्ष.
आयर्विनच्या खांबावरचे आकडे एकेक करून बुडाले
आणि पाणी गावात शिरलं ते मागच्या दारानं,
ओतातून,
एकशे चौदा नंबरच्या कागदावरून बोट फिरवावं तसं.
मी त्या आठवड्यात रजा टाकली.
कारण: घरगुती.

ओसरल्यावर बाई गेरू आणि ब्रश घेऊन
भिंतीभिंतीवर पाण्याची रेघ मारत फिरल्या.
लोकांनी पुसल्या. जागेचा भाव पडतो.
त्यांनी पुन्हा मारल्या.
एकीनं बरोबर रेघेवर खिळा ठोकून कॅलेंडर टांगलं.
चालेल, बाई म्हणाल्या, उंची चुकली नाही.

मला वाटलं, आता तरी म्हणतील, बघा, सांगत होते.
पण त्या म्हणाल्या, शेरी नाल्याचा नमुना घ्यायचा राहिला.

परवा निवृत्त झाल्या. चहा, भडंग, शाल.
एकवीस वर्षांचा हिशेब सांगायचा तर
अकरा किलोमीटर ओतांपैकी सहाशे मीटर मोकळे झाले.
तिथं आता लव्हाळं आहे, एक ढोकरी येते,
आणि शेजारच्या सोसायटीची डासांबद्दल तक्रार,
दर सोमवारी.

निघताना त्यांनी मला एक गुंडाळी दिली, रबर लावलेली.
त्यांचा पहिला नकाशा, पेन्सिलीनं काढलेला.
घरी येऊन उघडला.
ओताच्या मधोमध प्लॉट सतरा,
एक छोटा चौकोन, त्यात माझं आडनाव.
दीड गुंठा.
तारीख हरकतीच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे माहीत होतं.
आणि सभेत, चहावर, चिडल्यावरसुद्धा
एकदाही

कसला कागद आहे, बायकोनं विचारलं.
मी ड्रॉवर उपसत होतो, निळी पेन्सिल हवी होती.
पिवळ्याच निघाल्या, आठ-दहा,
सगळ्या टोक करून ठेवलेल्या.