चारशे हुक

कॉर्डचं नाव टाकलं की स्क्रीनवर चौकट उमटते:
सहा उभ्या रेघा, पाच आडव्या,
वरचा काठ जाड,
मध्ये काळे ठिपके.
पहिला आठवडा मी ती
गिटारसारखी आडवी धरून वाचत होतो.
फोन आडवा केला
की चित्र हट्टानं पुन्हा उभं.

भद्रावती पेठेत रात्री दहाला
शेजारचे माग थांबतात.
कानात जी पोकळी उरते
तेवढाच माझा सराव.
ट्यूनरची सुई थरथरते, हिरवी होणार,
तेवढ्यात कुणीतरी माग परत सुरू करतं
आणि सुई भलतंच ऐकते.

अप्पा जेवून हात पुसत आले.
वीस वर्षं जकार्डची कार्डं पंच केलीत त्यांनी,
चादरीतला मोर आधी ग्राफवर,
मग पुठ्ठ्यावर, भोकाभोकानं.
चष्मा कपाळावर ढकलून वाकले.
"ठिपका म्हणजे?"
दाबायचं.
"पोकळ गोल?"
मोकळी तार.
"आन् ही फुली?"
ती वाजवायची नाही.
"मग वाचता येतंय की बे.
भोक तिथं धागा उचलायचा,
नसंल तिथं गप बसू द्यायचा.
पण सहाच? आमच्याकडं चारशे हुक."

मी ई मायनर वाजवला, दोनच ठिपके.
मग एफ: एक बोट सहाही तारांवर आडवं.
खट्ट.
नुसतं लाकूड.

अप्पांनी माझं बोट दिव्याकडं वळवलं,
तारेचा वळ अंगठ्यानं चाचपला.
"एक कार्ड चुकलं," म्हणाले,
"तर मोराची चोच पुढच्या चादरीतबी वाकडीच येती.
उसव.
परत."