उचल

वजनकाट्याच्या झोळीत बसली की रसू हसते.
तिला तो झोका वाटतो.
हलू नको गं, मी म्हणते, काटा थांबू दे.
काटा थांबतो आठ किलो दोनशेवर,
गेल्या महिन्यात थांबला होता तिथेच.
वय दोन वर्षं, एक महिना.
दंडाला पट्टी गुंडाळते. पिवळी.
पिवळी म्हणजे बरी ना, बाई? होशी विचारते.
तांबडीपेक्षा बरी.

पहाटे तीनची ओहोटी होती.
पोरीला बांधावर निजवून
होशी मांडीभर चिखलात कालवं फोडत होती.
टोपलीतून अजून खाडी ठिबकतेय माझ्या फरशीवर.

ह्याच झोळीत सोमवारी
वरच्या आळीच्या अप्पांचा नातू बसला होता.
बारा किलो. कंटाळला, रडला.
त्याच्या बारशाला अप्पांनी पतपेढीत पावती केली,
आणि पाटाकडच्या साठ पोफळींवर हात फिरवल्यासारखं करून म्हणाले,
ह्या ह्याच्या.
त्या पोफळी अप्पांच्या आजोबांनी लावल्या.
म्हणजे, लावून घेतल्या.
खड्डे कोणी खणले
त्याला सातबाऱ्यावर रकाना नसतो.

होशीचा आजेसासरा सांगायचा,
अप्पांच्या विहिरीतला पहिला दगड मी काढलाय.
सांगायचा, इतकंच.
त्याच्या झोपडीखालची जमीन कुणाची
हे वाडीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.
परवा मोजणीवाले आले,
चुलींच्या मधून चुन्याची रेघ ओढून गेले.
रसू त्या रेघेवरून उड्या मारत होती,
इकडे, तिकडे, परत इकडे,
पाय पांढरे होईस्तोवर.

माझ्यावर कर्ज नाही असं नाही.
पण मला जामीन मिळाला. अप्पांनीच सही केली,
वर चहा पाजला.
कातकऱ्याला कोण जामीन राहील?
त्याला देतो मुकादम, गणपतीत,
डबे रिकामे वाजतात तेव्हा:
पंचवीस हजार, रोख, कागद नाही.
दिवाळी झाली की टेंपो येतो
कोळशाच्या भट्टीवर न्यायला, कर्नाटकात कुठेतरी.
मागचे सात हजार फिटले नाहीत, ते ह्यात धरलेत.
रसू जन्मली त्या दिवशी
तिच्या घराच्या नावावर एवढंच होतं.

मोबाइल विचारतो: लाभार्थी स्थलांतरित? हो / नाही.
मी ‘नाही’वर बोट ठेवते.
निदान टेंपो येईपर्यंत
तिचा खाऊ कुणी तोडणार नाही.

झोळीतली रसू दोन्ही हात वर करते.
नवा शब्द शिकलीय, एकच, अगदी स्पष्ट:
उचल.
होशी दचकून दाराकडे बघते.
मग तिच्या लक्षात येतं.
टोपली बाजूला सारून
कालवांनी चिरलेल्या बोटांनी
ती पोरीला कडेवर घेते.

बाई, ती हळूच म्हणते,
तांबडी लिवलीत तर
दोन अंडी जास्ती मिलतात ना?

बाहेर भरती लागलीय.
रजिस्टर उघडं आहे.
मी पेनाचं टोपण काढते.